मुलांच्या नावावर

गोवा पंचायत राज कायदा 1994 चा आहे. त्यानुसार जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत ग्रामसभा रविवारी भरते, म्हणजे नोकरीधंद्याच्या माणसालाही येता यावं. डोंगर कापायला परवानगी कुणी दिली, सांडपाणी कुठे जातं, नव्या वसाहतीला पाणी कुठून देणार, हे प्रश्न तिथे उभं राहून विचारता येतात. तरी बहुतेक गावांत खुर्च्या रिकाम्या राहतात. न आलेल्यांना सोमवारी बाजारात विचारलं तर एकच उत्तर वेगवेगळ्या तोंडांतून येतं. "भुरग्याचो क्लास आशिल्लो." "चेडवाची परिक्षा लागीं पावल्या." "धाकट्याक बरें नाशिल्लें."

क्लास असतो, परीक्षाही असते, आणि पावसाळ्यात घरोघरी कुणाला तरी ताप असतोच. पण मुलाला क्लासला सोडायला आई आणि बाप दोघांनी जावं लागत नाही. दहावीच्या मुलीला अभ्यास करताना बापाने दोन तास समोर बसून राहावं असं तिलाही वाटत नाही. ग्रामसभेला न जाण्याची खरी कारणं वेगळी आहेत. सरपंच नात्यातला असतो. ज्याच्या प्रकल्पाविरुद्ध ठराव यायचा, त्याच्याकडेच मेहुणा कामाला असतो. घरदुरुस्तीचा अर्ज पंचायतीत पडून असतो, आणि तोंड उघडलं तर तो आणखी पडून राहील अशी धास्ती असते. मागच्या वेळी बोलायला उठलेल्या माणसाला सगळ्यांदेखत गप्प बसवलेलं पाहिलेलं असतं. किंवा आपण जाऊन काही होत नाही असं मनाने घेतलेलं असतं.

यातलं प्रत्येक कारण वजनदार आहे. गावातल्या पन्नास घरांनी उघडपणे सांगितलं की आम्ही घाबरतो म्हणून येत नाही, तर त्या गावात काय चाललंय हे सगळ्या तालुक्याला कळेल. आज ती भीती मुलाच्या क्लासखाली पुरली जाते, आणि पंचायत निर्धास्तपणे समजते की लोकांना रस नाही. म्हणूनच हा विषय मला कुणाच्या घरातला खासगी मामला वाटत नाही. आईबाप मुलांना पुढे करतात तेव्हा थोडंसं खोटं बोललं जातं, ते एकवेळ सोडून देऊ. पण खरं कारण कुणाच्याच कानावर येत नाही, आणि ज्याचं नाव घेतलं त्या मुलाला आपल्या नावावर काय काय खपलं याचा पत्ता नसतो, हे सोडून देण्यासारखं नाही.

बरीच वर्षं मी माध्यमिक शाळेत शिकवलं. रजेच्या चिठ्ठ्या घेणं हे वर्गशिक्षकाचं रोजचं काम. एक मुलगी चार दिवसांनी शाळेत आली, हातात आईची चिठ्ठी: ताप होता, म्हणून येऊ शकली नाही. चिठ्ठी पुढे करणाऱ्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती. ती मेंदी मला दिसली हे तिलाही कळलं आणि तिने हात मागे घेतले. मी काही विचारलं नाही. पण मधल्या सुट्टीत मैत्रिणी मावशीच्या लग्नाबद्दल विचारू लागल्या तेव्हा ती गोरीमोरी झाली, कारण शाळेत तिला आजारी असायचं होतं. लग्नाला गेली होती असं लिहिलं असतं तर कुणी तिला शिक्षा केली नसती. मास्तरांच्या घरीही लग्नं होतात. आईला शाळेपुढे थोडं अवघड वाटलं, तेवढं टाळण्यासाठी तिने तेरा वर्षांच्या मुलीला खोट्यात भागीदार केलं. चिठ्ठी आईने लिहिली, पण ती घेऊन वर्गात उभं राहावं लागलं मुलीला. अशा चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्या, आणि दर वेळी मला त्या चिठ्ठीमागच्या मोठ्या माणसापेक्षा समोरच्या लहान माणसाचं वाईट वाटत आलं.

मूल हे कारण चालतं, कारण त्याची उलटतपासणी होत नाही. 'मला कंटाळा आलाय' म्हटलं तर समोरचा 'चल रे, अर्ध्या तासाचं काम' म्हणेल. 'पैसे नाहीत' म्हटलं तर 'उसने घे' म्हणेल. 'मुलाला बरं नाही' म्हटलं की त्याचा आवाजच बदलतो, आणि पुढे विचारणारा माणूस निर्दय ठरतो. एरवी कुठल्याच कारणाला आपल्या समाजात एवढी इभ्रत नाही. आजारी म्हातारीचं कारणसुद्धा एवढं चालत नाही.

त्यात आता घरं लहान झाली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशाचा एकूण प्रजनन दर 2.0 होता आणि गोव्याचा 1.3. एक मूल, फार तर दोन. पूर्वी घरात पाच-सहा मुलं असायची तेव्हा एकाच्या परीक्षेसाठी अख्ख्या घराचं येणंजाणं थांबलं असं कुणी म्हणूच शकत नव्हतं. उरलेली चार अंगणात खेळताना दिसत. आज त्या एकुलत्या एका मुलाच्या वेळापत्रकावर घरातली सगळी न बोललेली भांडणं येऊन बसतात. चवथीचंच बघा. गोव्यात शाळांना गणेशचतुर्थीची चांगली मोठी सुट्टी असते. तरी मूळ घरी न जाण्याचं कारण म्हणून ट्युशन सांगितली जाते. खरं काय असतं? भावाभावांत वाटणीचं दुखणं असतं. गणपतीच्या डोक्यावर फळापानांनी सजवून बांधतात त्या माटोळीपासून नैवेद्यापर्यंतचा खर्च कुणी किती करायचा यावर मागल्या वर्षी शब्दाला शब्द लागलेला असतो. धाकट्या सुनेला पाच दिवस रांधपाच्या खोलीतून बाहेर पडायला मिळत नाही, आणि ती आता 'नाही' म्हणायला लागलेली असते. ती म्हणते ते बरोबरच आहे. पण कुणीच तसं म्हणत नाही. फोनवर आजीला सांगितलं जातं, यंदा नातवाचा क्लास आहे. आजी काय समजते? की नातवाला आपल्यासाठी वेळ नाही. नातवाला तर त्याला कुणी बोलावलं होतं हेही ठाऊक नसतं. पुढे मोठेपणी तो आजीशी परका वागला की घरचेच म्हणतात, आजकालच्या मुलांना माया नाही.

सुनेचा विषय निघाला म्हणून इथे थोडं थांबायला हवं. मुलाला पुढे करणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. बाईला आपल्या घरात स्वतःचं कारण असण्याची मुभाच फार कमी असते. 'मी दमले', 'मला आज कुणाकडे जायचं नाही', 'मला पाहुणे नकोत', ही वाक्यं नवऱ्याने म्हटली की तो त्याचा मूड असतो. तिने म्हटली की तो तिचा स्वभाव ठरतो. जत्रेला रात्रभर नाटक बघून आलेला पुरुष दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो, त्याला कारण विचारत नाहीत. त्याच घरातली बाई लग्नमंडपातून तासभर आधी निघायचं म्हणते तेव्हा 'बाळाला झोप आलीय' हीच तिची सुटकेची वाट असते. कार्यालयातही तसंच. मुलाच्या शाळेसाठी अर्धा दिवस मागितला तर साहेब कपाळाला आठ्या घालून का होईना देतात. स्वतःच्या पाळीच्या दुखण्यासाठी मागायची सोय नसते. अशा बाईला मी 'मुलाच्या आड लपू नकोस' असं सांगणार नाही. तिचं स्वतःचं कारण ऐकून घ्यायला जे तयार नाहीत, त्यांनी आधी सुधारावं. बायकांना एकदा 'मला नको' म्हणता येऊ लागलं तर या सबबींतल्या निम्म्या आपोआप गळून पडतील असं मला वाटतं.

पण ज्यांच्या हातात सगळं आहे ते पुरुषही हीच वाट धरतात, आणि तीही अशा ठिकाणी जिथे प्रश्न सगळ्या गोव्याचा असतो.

माध्यमाचा वाद आठवा. 1990 पासून प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान कोकणी, मराठी अशा भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या शाळांनाच होतं. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने ते इंग्रजी माध्यमालाही देण्याचं ठरवलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर आला. इंग्रजीच्या बाजूने जो पालकांचा मंच उभा राहिला, त्याच्या नावातच मुलांचे शिक्षणाचे हक्क होते. पुढे 2012 मध्ये आलेल्या मनोहर पर्रीकर सरकारने अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालू ठेवलं आणि वाद आणखी चिघळला. त्या सगळ्या काळात दोन्हीकडून मुलांची नावं घेतली गेली. एका बाजूला मुलांचं भवितव्य, दुसऱ्या बाजूला मुलांची मुळं. 2014 मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्राथमिक शिक्षण कुठल्या माध्यमातून घ्यायचं हे निवडण्याचं स्वातंत्र्य मुलाचं आहे आणि मुलाच्या वतीने ते पालक वापरतील. कायद्याला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. सहा वर्षांचं मूल कोर्टात येऊन माध्यम निवडणार नाही. पण 'मुलाच्या वतीने' म्हणजे मुलासाठी विचार करून. आपण ते आपल्या मनातल्या गोष्टीवर मुलाचं नाव लिहून वापरतो.

भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. जिथे रस्ता नव्हता तिथे देवळाच्या सभामंडपात शाळा भरली. त्या शाळांतून शिकून माणसं मास्तर, तलाठी, डॉक्टर, इंजिनीयर झाली, आणि त्यांनीच आपल्या मुलांची नावं त्या शाळांतून काढली. आज सरकारी मराठी शाळा एकेक करून बंद पडताना बघतो तेव्हा जीव तुटतो. तरी मी त्या आईबापांना दोष देऊन थांबणार नाही, कारण त्यांची खरी कारणं कुणी विचारलीच नाहीत. एकाला शेजारच्यापेक्षा आपण मागे राहू असं वाटलं. दुसऱ्याला कार्यालयात इंग्रजी बोलताना स्वतःला लाज वाटली होती, ती लाज मुलाच्या वाट्याला येऊ नये असं वाटलं. तिसऱ्याला गावच्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो हे दिसत होतं. चौथ्याला, हेही बोललंच पाहिजे, त्या शाळेत आता ज्या घरांतली मुलं येतात त्यांच्या शेजारी आपलं मूल बसवायचं नव्हतं. ही चार कारणं चार दिशांची आहेत. एका शिक्षकाच्या तक्रारीवर सरकारला जाब विचारता येतो. लाजेवर चांगलं इंग्रजी शिकवणारी मराठी शाळा हा उपाय होऊ शकला असता. चौथ्या कारणावर समाजाने स्वतःची मान खाली घालायला हवी होती. पण चौघांनीही 'मुलाच्या भवितव्यासाठी' एवढंच म्हटलं. त्या उत्तरावर उपाय काय करणार? शाळा सुधारल्या नाहीत, रिकाम्या झाल्या. मातृभाषेच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं-नातवंडं इंग्रजीत शिकली त्यांनीही विचारल्यावर सूनबाईची आणि नातवाची इच्छा पुढे केली. त्यांच्याकडून मला जास्त अपेक्षा होती.

नोकऱ्यांचं तर बोलायलाच नको इतकं उघड आहे. 2024 च्या शेवटच्या महिन्यांत सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत आल्या, अटका झाल्या, विधानसभेपर्यंत गदारोळ गेला. ज्यांचे पैसे बुडाले ते साधे लोक होते. कुणी दागिने मोडले होते, कुणी कर्ज काढलं होतं. त्यांच्याबद्दल मला कळवळा आहे. पण गावोगाव जे बोललं गेलं ते ऐकून अस्वस्थ वाटलं. बापाने मुलासाठी केलं, त्यात त्याचं काय चुकलं? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून लाच देणं हाही गुन्हा आहे. कुणी बळजबरीने द्यायला लावली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. कायदा बाजूला ठेवू. त्या नोकरीसाठी शेजारच्या वाड्यावरची एक मुलगी रात्री जागून अभ्यास करत होती. तीही कुणाचं तरी मूलच. पैसे पोचले असते आणि काम झालं असतं, तर तिची जागा गेली असती आणि तिच्या बापाला कधी कळलंही नसतं. 'मुलासाठी' म्हणताना आपण नेहमी एकाच मुलाबद्दल बोलत असतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र ते सगळ्या मुलांबद्दल बोलल्यासारखं पवित्र वाटतं. शिवाय ज्याच्यासाठी पैसे दिले त्या मुलाला काय सांगितलं जातं? तुझ्या मार्कांवर आमचा भरवसा नव्हता, हेच ना?

खाणी बंद पडल्या तेव्हा, आधी 2012 मध्ये आणि मग सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर 2018 मध्ये, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत खरोखर हाल झाले. ट्रकांचे हप्ते थकले. सुरू करा म्हणणारे मुलांच्या पोटाचं बोलत होते, नको म्हणणारे मुलांच्या पाण्याचं. दोघांचंही काही प्रमाणात खरं होतं. पण 2012 च्या बंदीच्या प्रकरणात 21 एप्रिल 2014 च्या निकालात न्यायालयाने एक गोष्ट केली जी मला फार महत्त्वाची वाटते: खनिजाच्या विक्रीतल्या रकमेचा दहा टक्के भाग वेगळा काढून 'गोवा लोहखनिज कायमनिधी' उभारायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांचा त्या खनिजावर हक्क आहे म्हणून. दहा टक्के पुरेसे आहेत का यावर वाद होऊ शकतो. पण इथे पुढच्या पिढीचं नाव घेतलं आणि त्याबरोबर आकडा दिला, खातं दिलं, त्या खात्यात किती जमा झालं हे विचारण्याची सोय दिली. मुलांसाठी काही केलं असं कुणी म्हटलं की मी तेव्हापासून मनात त्याचं खातं शोधतो. बहुतेकांकडे ते नसतं.

आता पुन्हा घरात येतो, कारण सर्वांत जास्त इजा तिथे होते. 'मुलांसाठी एकत्र राहतोय' असं म्हणणारी जोडपी प्रत्येकाच्या माहितीत असतील. गोव्यात घटस्फोटाचा कायदा पोर्तुगीज काळापासून, 1910 पासून आहे. अडवतात ते लोक, माहेर, पैसा आणि एकटेपणाची भीती. ही भीती साधी नाही, आणि एकत्र राहण्याचा निर्णय चुकीचाच असतो असंही नाही. कित्येकांनी तो नेटाने निभावला आहे. पण तो निर्णय मुलाच्या नावावर टाकला की ते मूल जेवणाच्या ताटावर बसलेलं असताना दोन मोठ्या माणसांच्या दुःखाचं कारण बनतं. 'तुझ्यासाठी सोसलं' हे वाक्य आई रडताना म्हणते, बाप रागात म्हणतो. ऐकणाऱ्या मुलाला त्याचा एकच अर्थ लागतो: मी नसतो तर हे सुखी असते. शिक्षक असताना अशी मुलं मी पाहिली आहेत. ती फार लवकर शहाणी होतात, काही मागत नाहीत, सहलीची चिठ्ठी घरी दाखवतच नाहीत. त्यांना समजूतदार म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. त्याऐवजी त्या आईने 'मला अजून धीर होत नाही, मी तयारी करतेय' एवढं खरं सांगितलं असतं, तर मुलाच्या पाठीवरचं ओझं अर्धं झालं असतं.

आणि मग हिशेब मागितला जातो. मूल पंचविशीचं होतं, त्याला पुण्याला किंवा दुबईला जायचं असतं, किंवा घरच्यांना न आवडणारा जोडीदार निवडायचा असतो. तेव्हा सगळी जुनी वाक्यं परत येतात. तुझ्यासाठी नाटक सोडलं, तुझ्यासाठी बढती घेतली नाही, तुझ्यासाठी पणजीत भाड्याने राहिलो. यातलं काही खरंही असतं, कित्येक आईबापांनी खरोखर सोसलेलं असतं. पण ज्या कर्जावर आपण कधी सही केली नाही ते फेडायला कुणी सांगितलं, तर माणूस काय करेल? काही मुलं आयुष्यभर फेडत राहतात. काही दार बंद करून निघून जातात.

गोवा बालक कायदा 2003 चा आहे. त्याने मुलांना मारहाणीपासून, मजुरीपासून, लैंगिक शोषणापासून संरक्षण दिलं, वेगळं बालन्यायालय दिलं. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं बारावं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं मत त्याच्या वयानुसार ऐकलं जावं. मुलाचं नाव त्याला न विचारता वापरण्याला कुठलाच कायदा गुन्हा म्हणणार नाही, म्हणूही नये. घरात पोलीस आणून हे सुटणारं नाही. पण विचारण्याची सवय लावता येते, आणि ती लावायची जागा मला जमिनीच्या व्यवहारात दिसते, कारण गोव्यात सध्या सर्वांत मोठ्या गोष्टी मुलांच्या नावावर तिथेच होतात.

नगर व ग्रामनियोजन कायद्यात 2023 मध्ये 17(2) आणि पुढच्याच वर्षी 39अ हे कलम आलं, आणि एकेका तुकड्याचा झोन, म्हणजे तो शेतीचा की वस्तीचा ही नोंद, बदलून मागण्याची वाट मोकळी झाली. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर 2023 च्याच कायद्याने बंधन घातलं, तरी डोंगरउतारावरची, बागायतीची, घराच्या मागची जमीन जातेच आहे. आजोबांनी लावलेल्या माडा-सुपारीचं कुळागर विकणाऱ्याला विचारलं तर तो मुलाचं शिक्षण सांगतो, मुलीचं लग्न सांगतो, मुलांना इथे राहायचंच नाही असंही सांगतो. काही वेळा ते अक्षरशः खरं असतं. वैद्यकीयच्या फीपुढे दुसरा मार्ग नसतो. पण त्याच पैशांतून नवी गाडी आलेली असते, जुन्या कर्जाचा डोंगर उतरलेला असतो, किंवा कुळागरात राबायला आता माणूस मिळत नाही आणि स्वतःच्या गुडघ्यांत बळ नाही, हे खरं कारण असतं. गुडघ्यांचं कारण सांगायला लाज कसली? ते ऐकून पंचायतीने, कृषी खात्याने, शेजाऱ्याने काही करता येण्यासारखं असतं.

आपला नागरी कायदा तर मुलांच्या बाजूने किती पुढे आहे. गोव्यात मुलगा-मुलगी भेद न करता मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो; बापाला मृत्युपत्राने तो दुसऱ्याला देता येत नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने असंही म्हटलं होतं की बापाला आपल्या एका मुलाला जमीन विकायची असेल तर बाकीच्या मुलांची संमती हवी. बाहेरच्या माणसाला विकताना मात्र मुलांना विचारायला नको. हयातीत विकण्याचा हक्क आईबापांचा आहे आणि तो असावा. म्हातारपणी हात बांधलेले असू नयेत. माझं मागणं एवढंच आहे की ज्यांचं नाव घेऊन विकायचं, त्यांना विक्रीखताआधी समोर बसवावं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आकडे कळतात. जमिनीचे किती येणार, त्यातले तुझ्या फीला किती, कर्जाला किती, गाडीला किती, आईच्या शस्त्रक्रियेला किती, हे कागदावर लिहून दाखवावं. काही मुलं विका म्हणतील. एखादी मुलगी म्हणेल, मी गोव्यातच शिकते, कुळागर ठेवा. एखादा काहीच म्हणणार नाही आणि मोबाईल बघत बसेल. त्यानंतरही विकायची ठरली तर बापाने विकावी, आणि गावात कुणी विचारलं तर मुलांना मध्ये न आणता सांगावं की जमीन मी विकली, माझ्याच्याने होत नव्हती.